लुईझामावशीची कार्डं

निकोलस मास्तरांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर नसतं लचांड गळ्यात घेतलं: अर्नाळ्याच्या मच्छीमारांच्या बोलीचा इंग्रजी शब्दकोश. आजवर तो कुणी का केला नव्हता, ते मास्तरांना नऊ वर्षांत पुरतं कळलं. एका शब्दाला एक कार्ड. कार्डावर शब्द, इंग्रजी अर्थ आणि सांगणाऱ्या दोघांची नावं. दोघांच्या तोंडून आल्याशिवाय शब्द घ्यायचा नाही, हा नियम त्यांचाच.

तो त्यांनी मोडला फक्त लुईझामावशीसाठी. मावशी अठ्ठ्याऐंशीची. तिच्या बरोबरीचं गावात कुणी उरलं नव्हतं, मग दुसरं नाव आणायचं कुठून? दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की मास्तर तिच्या अंगणात वाळत्या बोंबलांशेजारी बसत. दोन शब्द मिळत, वर चहा. तिच्या एकटीच्या नावावर दोनशे बारा कार्डं झाली.

पुस्तक छापायला जायच्या आठवड्यात मास्तरांची पुतणी डायना कच्ची प्रत तपासत होती. ती म्हणाली, "काका, ओहोटी संपून भरती लागायच्या आधी पाणी थांबतं ना, त्याला मावशीआजीने तीन शब्द दिलेत. तीन वेगवेगळ्या वर्षी. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही."

रविवारची वाट न पाहता मास्तर मंगळवारीच अर्नाळ्याला गेले.

मावशीने आधी उडवून लावलं. मग बोंबील उलटता उलटता म्हणाली, "माझे शब्द चार वर्षांआधीच संपले रे. मग मी बनवत गेले."

"पण का?"

"शब्द नाय म्हटलं असतं, तर तू आला असतास?"

भरवशाच्या म्हशीला टोणगा! मास्तरांना राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. नऊ वर्षांत त्यांनी तिला गुडघे कसे आहेत एवढंही विचारलं नव्हतं.

"बनवलेले कोणते, तेवढं तरी सांग."

"आता कोनाला आठवतंय?"

घरी येऊन त्यांनी दोनशे बाराच्या दोनशे बारा कार्डं पुस्तकातून बाजूला काढली. त्यांत खरे शब्दही होते, कदाचित निम्म्याहून जास्त. दुसरं कुणी ते बोलत नव्हतं. मावशीबरोबर तेही जाणार होते. डायना रडली. मास्तर रडले नाहीत, पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी ते मोकळ्या हातांनी गेले. मावशीने आधी त्यांच्या खिशाकडे पाहिलं. कार्डं दिसली नाहीत तसा तिचा चेहरा उतरला.

"गुडघे कसे आहेत, मावशी?"

असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिला वाटलं, हा आता शेवटचंच आलाय. तिने घाईघाईने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"जाऊ नको रे निकू. थांब, एक आठवला. हा देवाशपथ खरा हाय. लिहून घे."