खुशबूच्या नावाचं पान

छत्तीस वर्षं मी प्राथमिक शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या. चूक दाखवल्याशिवाय एकही वही परत दिली नाही. निवृत्तीनंतर तुमसरच्या एका मुलांच्या समुपदेशन केंद्रात नव्या समुपदेशकांना मार्गदर्शन करू लागलो. दर शनिवारी ते आपापल्या बैठकीचं रेकॉर्डिंग ऐकवत आणि कुठे काय चुकलं ते मी सांगत असे, माझ्या वहीत प्रत्येकाच्या नावाच्या पानावर लिहूनही ठेवत असे.

त्यांच्यातल्या चंद्रकुमारला मी अर्धा अर्धा तास सोडत नसे. खुशबूही त्यांच्यातलीच, पण जन्मापासून आंधळी. तिचं ऐकून मी “छान!” म्हणायचो आणि चहा मागवायचो.

पहिल्याच महिन्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मूल गप्प झालं की ती लगेच पुढचा प्रश्न विचारायची. समोरचा चेहरा दिसत नाही, म्हणून ती शांतता तिला सोसत नसे. पण सांगायला माझी जीभ रेटली नाही. आधीच एवढी धडपडते, तिला कशाला दुखवायचं?

अशी दोन वर्षं गेली. जवळच्या करडी गावची नऊ वर्षांची मोनिका वडील वारल्यापासून बोलेनाशी झाली होती. ती खुशबूकडे तीनदा आली, चौथ्यांदा आलीच नाही. फोन केला तर तिची आई म्हणाली, “बाई लय विचारते म्हणते पोरगी. नाही येत म्हणते आता.”

शनिवारी खुशबूने तिसऱ्या बैठकीचं रेकॉर्डिंग लावलं.

“बाबा त्या दिवशी...” म्हणून मोनिका थांबली. लगेच खुशबूचा आवाज आला, “शाळेत मैत्रिणी कोण कोण आहेत तुह्या?”

खुशबूने रेकॉर्डिंग बंद केलं. “सर, इथंच चुकली ना मी?”

“हो.”

“तुमाले आजच समजलं?”

मी माझी वही पुढ्यात ओढली.

“माह्या नावाचं पान वाचा बरं.”

मी वही उघडून वाचलं, “छान. आवाज छान. छान...”

“अन् चंद्रकुमारचं?”

“माह्या पानावर तं लाल शाईच सांडली आहे, ताई,” चंद्रकुमार म्हणाला.

“नशीबवान आहेस,” ती म्हणाली. मग तिने पिशवीतून ब्रेलची पाटी काढली, कागद लावला. “सांगा सर. पहिल्यापासून सांगा.”

मूल थांबलं की मनात दहा अंक मोजायचे. त्याचा श्वास ऐकायचा. रडू दाबणाऱ्याचा श्वास अडकत येतो, तो तुला आमच्याआधी कळेल. मी सांगत गेलो, ती कागदावर ठिपके टोचत गेली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

मोनिकाच्या आईला त्यानंतर मी बरेच फोन केले. खुशबू दर शनिवारी आल्या आल्या विचारते, “उचलला का, सर?”