जंगलाची वही

टोव्हाने पुन्हा दार उघडलं, फावड्याने पायरीवरचा बर्फ ढकलला आणि फाटकाकडे बघितलं. कुणी नाही. वाटेवर तिच्याच बुटांचे ठसे, तेही बुजत चाललेले.

साडेतीन. चारला फाटक बंद, आणि वहीचं आजचं पान कोरं!

लाकडाच्या धंद्यातल्या ब्रँडवोल्डने आपली सगळी इस्टेट, बंगला, ओढा, पाईनचं जंगल डुलुथ शहराला दिलं तेव्हा एकच अट घातली होती. रोज निदान एका माणसाने इथे फिरायला यावं, वहीत सही करावी, काय दिसलं ते लिहावं. एक दिवस जरी कोरा गेला, तरी जंगल परत वारसांचं. नव्वद वर्षांत कोरं पान नव्हतं. आणि टोव्हाच्या नोकरीचा हा बारावा दिवस.

तिने फ्लॉरिडाला मार्लिसला फोन लावला. तीस वर्षं ही वही मार्लिसनेच सांभाळली होती.

"मीच सही केली तर?"

"इथला पगार घेणाऱ्याची चालत नाही, बाई. वाच की अट."

"मग काय करू? रस्ते बंद आहेत गं! त्या ब्रँडवोल्डच्या नातवाने इथे बांधायच्या घरांचे नकाशेसुद्धा काढून ठेवलेत म्हणे."

"चांगला सत्तरीचा थेरडा आहे तो नातू. रडू नकोस. वाट बघ."

वाट बघ म्हणे! पावणेचार झाले. टोव्हाने पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. आणि लिहून टाकलं, मार्लिस.

दार करकरलं.

भुवयांना बर्फ चिकटलेला एक म्हातारा आत आला. भिंतीवरच्या ब्रँडवोल्डच्या फोटोतलंच नाक. नातूच तो! टोव्हाने वही झाकायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

"आज कुणी आलं का, ते बघायला आलो," म्हणत तो वहीवर वाकला. "मार्लिस? ती तर हिवाळ्यात फ्लॉरिडाला असते ना?"

त्याने भुवयांवरचा बर्फ पुसला.

"गाडी खाली चढावर अडकली. अर्धा तास चालतोय, पोरी. ओढा वरून गोठला तरी आतून वाजत असतो, विसरलोच होतो बघ मी." त्याने दातांनी हातमोजा ओढून काढला. "दे पेन."

तिने घाईने पेन पुढे केलं आणि ते खाली पडलं. त्याने कण्हत वाकून उचललं, मार्लिसच्या नावावर एक रेघ मारली आणि खाली सावकाश स्वतःचं नाव लिहिलं. 'काय दिसलं' या रकान्यापाशी तो थांबला. आधी खोडलेल्या नावाकडे बघितलं, नंतर टोव्हाकडे.

मग लिहिलं, काही नाही.