दोन पत्रावळींचा आकडा

महिपतीने पर्जन्यमापकाचं नरसाळं फिरवून काढलं आणि पोत्यात घातलं. आतली बाटली घ्यायला तो वाकला, तोच बायडाबाई आडवी आली.

"आदी मोजू द्या," ती म्हणाली. "साडेआट वाजलं. मग काय न्यायचं ते न्या."

लोणावळ्याच्या वरच्या ठाकरवाडीत ती अकरा पावसाळे पाऊस मोजत होती. रोज सकाळी पाणी मापाच्या काचेत ओतायचं, आकडा आणि एक जूनपासूनची बेरीज वहीत मांडायची, आठवड्याला पुण्याच्या कचेरीला कार्ड धाडायचं. अक्षरं तिला जेमतेम येत. आकड्यांशी मात्र चांगलं जमे. आज तिने तीनदा काच भरली. थेंब सांडला नाही.

"मावशी, माझ्या हातात काही नाही," महिपती म्हणाला. "साहेबांचा हुकूम आहे. वाडीचं माप खोटं येतंय, बंद करा म्हणाले."

"खोटं?" बायडाबाईचा आवाज चढला. "लेकीच्या लग्नादिवशी मांडवातनं उठून मोजलंय म्या. येक सकाळ चुकली न्हाई. कोन म्हनतं खोटं?"

"कॉम्प्युटर."

हे म्हणताना त्याला थोडी ऐट आलीच. वराळ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, घोरावाडीला लोकल पकडून पुण्याच्या कचेरीत जाणारा, आणि अठ्ठ्याहत्तर साली कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहिणारा; असे होते किती? पाऊस छापायचा प्रोग्रॅम त्याचाच होता. कितीही गावांचे आकडे त्यात लिहा, ओळीने छापून देई. दोन महिने बिनचूक चालला. मग ऑगस्टात वाडीच्या नावाखाली शून्य आलं आणि खालच्या कान्हे गावाच्या नावाखाली भलताच आकडा. बाई घरात बसून कार्डं भरते, असं साहेबांनी ठरवून टाकलं. कार्ड काढून कुणी पाहिलं नाही. मशीन चुकत नाही, असं महिपतीनेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

त्याने खिशातला छापील कागद तिच्यापुढे धरला. बारा ऑगस्टपर्यंतच्या बेरजा. वाडी ०, कान्हे ३३१०४, घोरावाडी १२१५०, वराळे ९६२०.

बायडाबाईने कागद डोळ्यांजवळ नेला. मग वही उघडून बारा ऑगस्टच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे ३३१०.४ मिलिमीटर लिहिलं होतं. छापताना ठिपका गाळायची कचेरीची रीत तिला ठाऊक होती.

"तेहतीस हजार माजंच हायती," ती म्हणाली. "आन् ह्यो बारा हजार येकशे पन्नास कान्ह्याचा. तितं सोपान आबा मोजतो. बाजारात गाठ पडली की आमची चढाओढ अस्ती, कुनाकडं किती पडला. त्यो घोरावाडीच्या जागी कशापायी बसलाय?"

"कुठे?" महिपती पुढे वाकला.

"ह्यो बगा की. पंगतीत येकांदा पैलवान दोन पत्रावळी अडवून बसला, म्हंजी फुडचं समदं सरकत्यात. माजा आकडा तसा बसलाय. पैल्या पत्रावळीवर शून्य, दुसरीवर आकडा."

महिपतीला एक आकडा आठवला. बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. त्याच्या मशीनच्या एका घरात अधिक-उण्याच्या चिन्हासकट एवढाच आकडा मावे. त्याहून मोठा आला की कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा भाग, त्याला गुपचूप दोन घरं देई; अधिकच्या चिन्हाचं शून्य पहिल्यात, आकडा दुसऱ्यात. छापणाऱ्या भागाला मात्र कुणी सांगत नसे; तो आपला एका गावाला एक घर असं वाढत सुटे. आदल्या आठवड्यात वाडीची बेरीज एकतीस हजारांवर होती म्हणून निभावलं. खालच्या गावांत एवढा पाऊस सात जन्मांत पडायचा नाही, म्हणून तपासताना कधी कळलं नाही.

"पर मग," बायडाबाईचं बोट ओळीच्या टोकाला गेलं, "ह्यो नऊ हजारवाला घोरावाडीचा आसंल, तर वराळ्याचा कुटं गेला?"

महिपतीने कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा होता.

"तुमी कुटलं, साहेब?"

"वराळ्याचा. तिथे माझे वडीलच मोजतात."

"आगं आय गं! म्हंजी तुमचंच गाव उपाशी उठलं की वो!" ती खदखदून हसली.

महिपतीला हसू येईना. त्याचे वडील बाजीराव आबा दर शनिवारी कार्ड त्याच्याच हातात देत आणि म्हणत, नीट लाव रे. बारा ऑगस्टपासून त्यांचा आकडा कागदावर नव्हता, आणि पोराला पत्ता नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने पोत्यातून नरसाळं काढलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि जागेवर बसवलं. कागदाच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं, 'वाडीचं माप बरोबर. चूक प्रोग्रॅमची', आणि खाली सही केली. बायडाबाईने ते मोठ्याने वाचायला लावलं. दोनदा.

"आन् माज्या आकड्याचं काय करनार? छाटनार?"

"छाटत नाही, मावशी. दोन पत्रावळी मांडायला सांगतो."

"व्हय. अजून लय पडायचाय."

रिकामं पोतं काखेत मारून तो उतरणीला लागला. बाई मागून ओरडली,

"बापाला सांगा, पाऊस पडला म्हनावं तुमच्याकडं बी!"