नाजियाला कोण विचारणार

मुबीन जन्माचा ठार बहिरा, आणि आई मिळाली खैरुनबी. जिद्दीची इतकी पक्की की एकदा धरलं ते सोडायचं नाव नाही.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मूकबधिर शाळेतल्या वच्छलाबाईंनी तिला बजावलं होतं, "खाणाखुणा एकदम बंद! हात चालले का तोंड बसते. त्यानं पाण्याकडे बोट दाखवलं तर द्याचं नाई. 'पाणी' म्हणन, तवाच द्याचं." त्या काळी शिकलेसवरले सगळे हेच सांगत. वर्गात पोरं हात मांडीखाली दाबून बसायची. खैरुननं बाईंचा शब्द काळ्या दगडावरची रेघ मानला. पोरगा पाण्यासाठी रडे, ही पदर तोंडात कोंबून रडे, पण तांब्या काही पुढे करायची नाही. चार-पाच शब्द कसेबसे आले, तेही तिलाच कळणारे. हातांनी बोलायला मुबीन शिकला तो शाळेच्या भिंतीमागे, दोस्तांकडून, चोरून.

मुबीन मोठा झाला, ऊर्जानगरच्या क्वार्टरांत कूलर-पंखे दुरुस्त करू लागला. एक दिवस वच्छलाबाई दारात उभ्या. रिटायर झाल्यावर, साठीत, नागपूरला जाऊन सांकेतिक भाषा शिकून आल्या होत्या. म्हणाल्या, "खैरुनबी, आम्हाले शिकवलं तेच चुकीचं होतं. हातच या लेकरांची भाषा होय. मी शिकली, तुम्ही बी शिका."

असा भडका उडाला म्हणता खैरुनचा! "अन् माह्या लेकराची तहान? ते कोण वापस देते?"

खैरुननं मग कित्येक दिवस बाईंचं तोंड पाहिलं नाही. आणि एका सकाळी आपणच जाऊन त्यांच्या ओट्यावर बसली. "शिकवा," म्हणाली, "पोराशी मले धड भांडता बी येत नाई."

बोटं जाडजूड, वळता वळत नव्हती. मुबीन हसून हसून लोटपोट व्हायचा. तीही चिडायची, आणि चिडता चिडताच शिकायची.

मुबीनचं लग्न गडचांदूरच्या नाजियाशी ठरलं. तीही बहिरी, शिवणकामात तरबेज, नजर मोठी तेज. निकाहच्या दिवशी तिचे मामू जाफरभाई निकाहातले तिच्या बाजूचे वकील म्हणून दोन साक्षीदार घेऊन बायकांच्या खोलीत आले. मुलीची मंजुरी त्यांनीच काजींपर्यंत न्यायची होती. त्यांनी नाजियाच्या कानाशी ओरडून विचारलं, "कबूल है?" ती त्यांच्या दाढीकडे बघत राहिली. आणखी जोरात विचारलं. मागून कुणी म्हणालं, "मुंडी हलव ना बेटा, झालं!" आणि एका खालानं, मावशीनं, तिच्या डोक्यावर हात ठेवून ते हळूच खाली दाबलं.

"हात काढ!" खैरुन कडाडली. "बकरी होय का ते? तुम्ही काय विचारून राह्यले हे तरी समजलं का तिले?"

"मग तुम्हीच विचारा," जाफरभाई वैतागले.

चारचौघांत खैरुन कधी हातांनी बोलली नव्हती. बोट चुकलं तर पोरगी भलत्याच गोष्टीला हो म्हणायची! ती नाजियासमोर बसली आणि सावकाश, एकेक करून विचारलं. मुबीन. मेहरची रक्कम. निकाह. तुला मनापासून मंजूर आहे का? नाही म्हणालीस तरी चालेल.

नाजियानं मान हलवली नाही. तिनं उलट काहीतरी विचारलं.

"काय म्हणून राह्यली?" जाफरभाईंचा जीव वरखाली.

"थांबा जी भाऊ, सासू-सुनेचं बोलणं चालू हाये."

नाजियानं विचारलं होतं, उद्या आमचं लेकरू हातांनी बोललं, तर त्याचे हात धरून ठेवाल?

म्हणजे मुबीननं सारं सांगितलं होतं हिला. पण खरं सांगायचं तर खैरुनला पोरीचा राग नाही आला, उलट फार फार आवडली ती. तिनं हात उचलले. त्याच्याशी मी हातांनीच बोलेन. मला येत नाही ते तू शिकव.

नाजियाचे हात वर आले. कबूल. पुन्हा कबूल. पुन्हा कबूल.

"आता तरी सांगा खैरुनबी, काय म्हणाली?"

खैरुननं तोंड उघडलं, पण शब्दांआधी हातच वर आले. नाजियानं केली तीच खूण, तीनदा, तिनं हातांनीच सांगितलं. जाफरभाईंना ते बरोबर समजलं, दोन्ही साक्षीदारांनाही.