हत्तीच्या जागी वाघ

मुलींच्या निरीक्षणगृहात नाटक होतं आणि शकूने आईला पोस्टकार्ड टाकलं होतं, ‘मी हत्ती आहे. बघायला ये.’ आई वारज्यात ज्या फ्लॅटमध्ये धुणीभांडी करायची, तिथला मोबाइल शकूने उचलला आणि आईचं ते काम सुटलं. तेव्हापासून दोन महिने द्वारका लेकीला भेटायला फिरकली नव्हती. आज आली, तर शकू जिंकली!

बाहेरची माणसं येणार म्हटल्यावर मुलींचे चेहरे दिसता कामा नयेत, असा नियमच. म्हणून सगळ्या जणी मुखवट्यात. दर शनिवारी नाटक शिकवणाऱ्या ऋचाताईंनी त्यांच्या आयटी कंपनीतले रद्दी कागद पोत्याने आणले होते. त्या कागदांच्याच लगद्याचा तो हत्तीचा मुखवटा, शकूने स्वतः रंगवलेला.

आणि वाघ झालेली सोनू ऐन वेळी रडायलाच लागली. "मला डरकाळी नाही जमत! मी नाही जाणार!"

"मग हत्ती हो. दोनच वाक्यं आहेत, रडूबाई!" शकूने मुखवटे बदलले.

पडदा सरकला. तिसऱ्या रांगेत, अगदी कडेला, आई! आई टक लावून बघत होती ती हत्तीकडे. आणि हत्तीला एकही वाक्य आठवेना! नुसता सोंड हलवत उभा. शेवटी हत्तीची वाक्यंही वाघानेच म्हणून टाकली, वर अशी डरकाळी फोडली की पुढे बसलेले पाहुणे दचकले. टाळ्याच टाळ्या! पण आईची खुर्ची रिकामी.

"बाई, मुखवटा काढू? आई चाललीय हो!"

"पाहुणे जाईपर्यंत नाही," अधीक्षिका श्यामलाबाई म्हणाल्या. "वाघ आहात ना? मग धीर धरा."

शकूने धरला. आत घाम, डोळ्यांत पाणी, आणि नाक पुसायचीही सोय नाही.

शेवटचा पाहुणा गेला, तशी द्वारका डबा घेऊन आत आली. हत्तीला मागे टाकून सरळ वाघासमोर उभी राहिली.

"कुठं गेली होतीस गं?" वाघाने हुंदका दिला.

"धपाटे दारावर ठिवून घेतले होते, ते आणाया."

"पण मी तर हत्ती लिहिलं होतं..."

"ल्हिलं असशील. हत्तीचं तोंड उघडंना, तवाच वळखलं. माझी शकी गप ऱ्हाईल व्हय?"

शकू इतकी हसली की वाघाची एक मिशी गळून पडली. द्वारकाने ती उचलून पदराला पुसली आणि मागे वळून हाक मारली, "ए हत्ती, तू बी ये. दोन जास्तीचे हायेत."