गळ कुठं रुतला

नदी समुद्राला मिळते तिथल्या गोट्यांच्या किनाऱ्यावर सप्टेंबर लागला की माणसं खांद्याला खांदा लावून गळ टाकायला उभी राहत, आणि त्या रांगेत शब्द चाले तो कोसुगे सरांचा. सरांनी उभी हयात गावच्या शाळेत पोरांना कवायत शिकवली होती. रांगेतल्या निम्म्या लोकांनी लहानपणी त्यांच्या हातचा मार खाल्ला होता आणि आता पोटं सुटली तरी सर जवळ आले की ते नकळत पाठ ताठ करत.

सरांचा नियम आणि सरकारचा नियम एकच. सॅमननं आमिष तोंडात घेतलं पाहिजे. उघडा गळ पाण्यात सोडून, हिसके मारून तो माशाच्या पोटात नाहीतर पाठीत रुतवायचा, याला त्या किनाऱ्यावर बंदी होती. चुकून तसा लागला तरी मासा परत सोडायचा. पण नदीत चढायला आलेला सॅमन खाणंपिणं टाकून आलेला असतो. आमिषाकडे तो ढुंकूनही बघत नाही. समोर पाण्यात माशांच्या पाठी दिसत असताना हात शिवशिवतात. सरांचे शिवशिवत नाहीत, असं सगळे म्हणत. सरही म्हणत.

त्या दिवशी सकाळी मिझोबे पकडला गेला. मिझोबे शिंपल्यांच्या कारखान्यात कामाला होता. वय चाळिशीचं, बायको सोडून गेलेली, घरात म्हातारी आई. हाही सरांचाच विद्यार्थी. त्याच्या तंगुसाला आमिषाचा पत्ता नव्हता, शिशाखाली तीन टोकांचा उघडा गळ होता. त्यानं मादी ओढून आणली ती पोटात गळ रुतलेली. पोट टराटरा फाटलं होतं आणि आतल्या गाबोळीचे, अंड्यांचे लाल दाणे गोट्यांवर सांडत होते.

"बस," सर म्हणाले.

"सर, लोक बघतायत."

"म्हणूनच. गुडघ्यावर बस. मासा हातात घे."

मिझोबे बसला. गोटे ओले आणि टोकदार होते. सरांनी त्याला तोंड रांगेकडे करायला लावलं.

"आता मोठ्यानं माफी माग. ऐकू आलं नाही, परत. परत."

चौथ्या वेळेला त्याचा आवाज चिरकला तसे लोक हसले. कुणीतरी फोन काढून फोटो घेतला. मिझोबे खालच्या आवाजात म्हणाला, "सर, ही जगायची नाही आता. आतडं बाहेर आलंय. घरी तरी नेऊ द्या."

"मासा मेला असेल. नियम मेला नाही. सोड तिला."

त्यानं मादी पाण्यात सोडली. ती दोन वेळा शेपटी हलवून उताणी झाली, आणि कुरव पक्षी उतरले. त्यांनी आधी डोळे काढले. सर ते बघत उभे राहिले. त्यांना बरं वाटत होतं. वर्गात एखादं पोर रडायच्या बेतात आलं की वाटायचं, तसं.

आठवडा गेला आणि मिझोबे पुन्हा उगवला. रांगेत त्याला कुणी जागा देईना. तेव्हा सरांनीच त्याला आपल्या डाव्या अंगाला उभं केलं. "माझ्या डोळ्यांसमोर राहा. तुझ्यासारख्याला तेच बरं."

नेमका त्याच दिवशी सरांच्या गळाला तो मोठा नर लागला. नाक चोचीसारखं वळलेला, अंगावर जांभळे पट्टे, असा नर त्या हंगामात कुणी पाहिला नव्हता. रांगेनं आपापले तंगूस गुंडाळून घेतले. आमिषाचं दुकान चालवणारा इवाबुची काठावरून ओरडू लागला, "सर, सैल सोडा, सैल सोडा, दमवा त्याला." सर कमरेइतक्या पाण्यात उतरले. मिझोबे दांड्याची जाळी घेऊन त्यांच्या शेजारी गेला, कारण जवळ तोच होता.

मासा जवळ आला तेव्हा सरांनी पाहिलं. गळ तोंडात नव्हता. पाठीवरच्या पराच्या मागे, कुशीत रुतला होता. आमिष होतं, हिसकाही दिला नव्हता. मासा जाताजाता अडकला होता, इतकंच. पण सोडायलाच हवा होता.

सरांनी काठाकडे पाठ केली. पाण्याखाली मासा गुडघ्यांमध्ये दाबून धरला, कुशीतून गळ उपसला आणि त्याच्या जबड्यात खुपसला. सगळं हातांनीच केलं. डोकं तेव्हा जणू चालतच नव्हतं. मान वर केली तर समोर मिझोबे. जाळी धरून शांतपणे बघत होता.

"कुठं लागलाय?" इवाबुचीनं विचारलं. विचारायची रीतच होती.

सरांनी मासा जाळीत ढकलला.

"तोंडात," मिझोबे म्हणाला. "मी बघितलं. चांगला आत गेलाय."

काठावर टाळ्या पडल्या. माशाला शाई फासून कागदावर त्याचा ठसा घेऊ, दुकानात लावू, असा इवाबुचीनं आग्रह धरला. सर नको म्हणाले. म्हणे, कसला मोठेपणा. लोकांना त्याचंही कौतुक वाटलं.

घरी बायकोनं, नोबुएनं, मासा पाटावर घेतला. खवले काढता काढता तिचं बोट एका जागी थांबलं.

"इथं कुशीत भोक आहे."

"पक्ष्यानं चोच मारली असेल."

"पाण्यात असताना?"

"तू साफ कर."

तिनं साफ केला.

दुसऱ्या दिवशी मिझोबे सरांच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं आमिष लावलं नाही. उघडा गळ टाकला आणि सगळ्यांदेखत हिसके मारायला लागला. थोड्या वेळात मादी आली, शेपटीजवळ गळ घेऊन. त्यानं ती उलटीपालटी करून सरांपुढे धरली.

"सर, जरा बघा हो. कुठं लागलाय?"

सरांनी बघितलं. रांग सरांकडे बघत होती.

"तोंडात," सर म्हणाले.

मग ते रोजचंच झालं. लोक चुळबुळत, एकमेकांकडे बघत, पण सरांनी सांगितल्यावर तोंड उघडायची कुणाची छाती होत नव्हती. सर इतरांवर जास्तच तापू लागले. शहरातून आलेल्या एका म्हाताऱ्याचा मासा कल्ल्याच्या कडेला लागला, तोंडापासून बोटभर अंतरावर, तर सरांनी त्याच्या हातातून हिसकून पाण्यात फेकला आणि त्याला सामान आवरायला लावलं. म्हातारा गेला तेव्हा मिझोबे हसून म्हणाला, "छान केलंत, सर. नियम म्हणजे नियम."

मिझोबेला मांस नको होतं. वाहून आलेल्या ओंडक्यांच्या आड तो माद्यांची पोटं फाडायचा, गाबोळी काढून पिशवीत भरायचा आणि बाकीचा मासा तिथंच टाकायचा. काहींचे कल्ले तेव्हाही हलत असत. पिशवीचं तोंड उघडं धरायचं काम सरांना होतं.

"सर, जरा खाली बसा ना. तुम्ही उंच पडता, लांबून दिसता." मिझोबे चाकू पुसत म्हणाला. "नाही, असं नाही. गुडघ्यावर."

सर बसले.

"शाळेत असताना माझं चुकलं की तुम्ही म्हणायचात, हाडात शिस्त मुरली पाहिजे. मुरली बघा." त्यानं ओल्या हातानं सरांचा गाल थोपटला.

सरांना रात्री झोप लागेना. हा सगळ्यांना सांगेल ही भीती होतीच. पण हा सांगणारच नाही, हे असंच चालू ठेवील, याची भीती त्याहून मोठी होती.

हंगाम संपत आला होता. एका सकाळी ओंडक्यांपलीकडून मत्स्यखात्याचे दोन अधिकारी आले. कुणीतरी तक्रार केली होती. पिशवी, तीन टोकांचे गळ, पोट फाडलेले मासे, सगळं जागेवर सापडलं. मिझोबे उभा होता. सर गुडघ्यांवर होते, बाह्या कोपरापर्यंत लाल.

रांगेतली माणसं धावत आली. इवाबुची सगळ्यांच्या पुढं.

"हे कुणाचं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

मिझोबे अजिबात घाबरला नव्हता. "सरांना विचारा. या किनाऱ्यावर खरं काय ते सरच सांगतात."

सर उठले. गुडघे झटकले. आवाज आपोआप शाळेतला लागला.

"याचं. मी बरेच दिवस याच्यावर पाळत ठेवून आहे. मुद्देमालासकट सापडावा म्हणून गप्प होतो. आता पिशवी ताब्यात घेत होतो, तेवढ्यात तुम्ही आलात."

मिझोबेचं तोंड उघडंच राहिलं. मग तो भडाभडा बोलू लागला. मोठ्या नराचं सांगितलं, कुशीत गळ होता, पाण्याखाली सरांनी तो काढून जबड्यात खुपसला, आपण डोळ्यांनी पाहिलं. सांगताना त्याचे हात हवेत ते सगळं करून दाखवत होते.

"त्या दिवशी तूच म्हणालास ना, तोंडात लागलाय म्हणून?" इवाबुचीनं विचारलं.

"म्हणालो. खोटं बोललो तेव्हा."

"आणि आता खरं बोलतोयस." इवाबुची हसला. मग सगळेच हसले. गाबोळीचोर कोसुगे सरांवर आळ घेतो, याहून गमतीचं त्या हंगामात काही घडलं नव्हतं. अधिकारी सरांपुढे वाकला आणि सहकार्याबद्दल आभार मानले. मिझोबेला गाडीकडे नेत होते तेव्हा तो वळून वळून इवाबुचीला सांगत होता, "त्याच्या बायकोला विचारा. मासा तिनं कापलाय. तिला विचारा ना कुणीतरी."

कुणी विचारलं नाही.

त्या रात्री सर बिछान्यावर पडले आणि गाढ झोपले. कारखान्यानं मिझोबेला कामावरून काढलं. तो कुठल्याशा बंदरात बोटीवर गेल्याचं ऐकू आलं. किनाऱ्यावर लक्ष ठेवायला गावानं सरांना दंडावर बांधायची हिरवी पट्टी दिली.

पहिलं बर्फ पडायच्या सुमाराला मिझोबेची आई सरांच्या दारात आली. हातात कापडात बांधलेला मिठाईचा डबा होता. बूट काढायच्या जागेतच, थंड फरशीवर, ती गुडघे टेकून बसली.

"सर, माझ्या पोरानं तुमच्यासारख्या माणसाचं नाव घेतलं. मी कुठल्या तोंडानं येऊ, असं झालं होतं. माफ करा त्याला."

तिनं कपाळ फरशीला टेकवलं. नोबुए सरांच्या मागे उभी होती. सरांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"तुम्ही तरी काय करणार," सर म्हणाले. "लहानपणीच शिस्त लागायला हवी होती."

"हो सर. माझंच चुकलं. बाप नव्हता ना त्याला."

म्हातारीला उठता येईना, गुडघे आखडले होते. नोबुए पुढं झाली, तिला दोन्ही हातांनी धरून उठवलं. तिच्या चपला सरळ करून ठेवल्या. एकदा नोबुएचे ओठ हलले. म्हातारी आशेनं तिच्याकडे बघत राहिली.

"रस्ता निसरडा आहे," नोबुए म्हणाली. "जपून जा."

दार लावून तिनं डब्याचं कापड सोडलं. आतमध्ये गोड लाल चवळीचं पुरण असलेल्या वड्या होत्या, महागातल्या. तिनं दोन ताटलीत काढल्या, चहा ओतला आणि सरांपुढे ठेवला. स्वतःसाठी काही घेतलं नाही.

सरांनी दोन्ही खाल्ल्या.

"आणखी आहेत का?" त्यांनी विचारलं.