मागच्या खोलीतली थंडी

मित्रांनो, मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. घर किती गरम आहे ते मोजायचं आणि त्याप्रमाणे हीटर चालू-बंद करायचा, हे माझं काम. मला दिवाणखान्याच्या भिंतीवर बसवलं तेव्हा माझं कोण कौतुक झालं! ऊन केव्हा आत येतं, स्वयंपाकाने घर किती तापतं, दार उघडलं की किती गारठतं, सारं मी टिपत गेलो. हळूहळू संध्याकाळी घरात किती ऊब असेल ते मी सकाळीच पडद्यावर दाखवू लागलो. "आमचा ज्योतिषी!" घरातले म्हणत.

मागच्या खोलीत आजोबा राहत. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला. एके दिवशी ते शाल गुंडाळून बाहेर आले.

"अरे, माझी खोली नुसती बर्फ झालीय."

त्यांच्या मुलाने माझ्याकडे बोट दाखवलं. "बाबा, बावीस अंश दाखवतोय. संध्याकाळपर्यंत असंच राहील म्हणतोय."

"वय झालं ना बाबा, म्हणून वाजते थंडी," सून मायेने म्हणाली.

आजोबा माझ्याकडे बघत राहिले. "मग मलाच वाटत असेल," असं पुटपुटत ते परत गेले.

अहो, तो आकडा फक्त या खोलीचा आहे! मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड कुठे? पडद्यावर बावीस चमकत राहिले. ते खोटंही नव्हतं.

आजोबांनी पुन्हा तक्रार केली नाही. चहाला येत, तेव्हा रिकामा झालेला कपही बराच वेळ दोन्ही हातांत धरून बसत.

मग एका सकाळी ते उठलेच नाहीत. श्वास घरघरत होता. त्यांना दवाखान्यात हलवलं. दुपारी मुलगा त्यांचे कपडे न्यायला आला आणि मागच्या खोलीतून त्याची हाक आली, "अगं, इकडे ये! खिडकी नीट लागतच नाहीये. केवढा वारा येतोय!"

बाहेर येऊन तो माझ्यासमोर उभा राहिला. पडद्यावरचा आकडा बघत राहिला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

आजोबा घरी आले नाहीत. नंतर खिडकी दुरुस्त झाली. मागच्या खोलीत एक छोटं यंत्र बसवलं. तिथला आकडा आता मला कळतो. खोली छान उबदार असते. तिथे कोणी राहत नाही.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत, माझ्यावर धूळ साचली, तरी चालेल. पण घरात कोणी "थंडी वाजतेय" म्हणालं, तर माझ्याकडे बघू नका. उठा, आणि त्यांच्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसा.